लॉनला पर्याय: सोलापूरच्या उन्हात जमिनीलगत काय लावावं?

अनुजा_जुळे | ११ मे

नमस्कार. बागकामातल्या जाणकारांनी जरा मदत करा.

घर जुळे सोलापुरात. समोर पाचशे चौरस फूट मोकळी जागा आहे, तोंड पश्चिमेला. म्हणजे दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट अंगावर. एका कोपऱ्यात कडुनिंब आहे, त्याच्याखाली शंभर-सव्वाशे फूट सावली पडते. घर घेतलं तेव्हा कार्पेट लॉन घालूनच मिळालं होतं. सुरुवातीला छान दिसलं, या उन्हाळ्यात मात्र पार कडबा झालाय. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते घरात पुरवायचं की गवताला घालायचं? बोअर आहे, पण पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो.

सासऱ्यांचं म्हणणं, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाका आणि मोकळे व्हा. मला ते नकोय. शेजारी ब्लॉक टाकलेत, त्यांच्या हॉलमध्ये रात्री दहालासुद्धा भट्टी असते.

जमिनीलगत पसरणारं, कापावं न लागणारं, कमी पाण्यावर जगणारं काही सुचवा. मुलं दोन, दिवसभर हुंदडतात. सासूबाई पहाटे अनवाणी तुळशीला पाणी घालायला जातात, तेव्हा काटेरी काही नको. आणि हो, पुण्या-मुंबईचे व्हिडिओ खूप पाहून झालेत. इथे कुणी जगवून दाखवलंय का, ते सांगा.

चादरवाला

जमीन झाकायचीच आहे तर चादर अंथरा की. सोलापुरी. पाणी लागत नाही, रंग जात नाही.

कडकभाकरी

शेंगा लावा. वर हिरवं, खाली चटणी.

माळरान

वरच्या दोघांना नमस्कार. आता कामाचं.

अनुजा, झाडाचं नाव ठरवण्याआधी पाण्याचा हिशेब करा. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. लॉन हिरवं ठेवायला रोजचं पाच मिलिमीटर धरलं (आपल्याकडे मे महिन्यात त्याहून जास्तच लागतं), तरी दिवसाला सव्वादोनशे लिटरच्या वर जातं. पाच दिवसांनी नळ येत असेल तर तेवढ्यात हजार लिटरची टाकी नुसती गवताने संपवली. लॉन कुणी वाईट वागवलं म्हणून मरत नाही. हा हिशेबच इथे बसत नाही.

दुसरी गोष्ट पायांची. गवत सोडलं तर मुलांचं क्रिकेट सोसणारं जमिनीलगतचं झाड जवळजवळ नाहीच. 'तुडवलं तरी चालतं' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ दिवसातून दोन-चार वेळा कुणी गेलं तरी चालतं, एवढाच. तेव्हा पाचशे फुटांना एकच झाड शोधू नका. मुलं खेळतात तो तुकडा, तुळशीची वाट, कडुनिंबाखालचा भाग आणि नुसता बघायचा भाग, असे चार वेगळे धरा.

बघायच्या आणि कधीमधी चालायच्या भागासाठी माझं मत जलपिंपळीला. नर्सरीत 'लिप्पिया' किंवा 'फायला' म्हणून विचारा. नाव जलपिंपळी आणि मूळची ओढ्याकाठची, पण एकदा मूळ काळ्या मातीत उतरलं की कोरडं बऱ्यापैकी सोसते. पान नखाएवढं, टोकाकडच्या अर्ध्या भागालाच दाते. वेल जमिनीला चिकटून सरपटते आणि प्रत्येक पेरातून मूळ सोडते, त्यामुळे ओढून बघितली तर अख्खी कधी हातात येत नाही, मधेच तुटते. फूल मसुराएवढ्या बोंडावर गोल कडं करून येतं, पांढरं-जांभळट, आणि जुनं होईल तसं बोंड लांबत जातं. भर उन्हात उंची दोन इंच, सावलीत किंवा जास्त पाण्यावर सहा इंच.

एप्रिल-मेमध्ये आखडते, पानं लालसर-करपट होतात. पहिल्या पावसानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत परत भरते. बारमाही हिरवा गालिचा हवा असेल तर ती नको.

विजापूररोडकर

माळरान यांच्याशी निम्मा सहमत. पाण्याचा हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा.

आपल्या मातीत सगळ्यात चिवट जमिनीलगतचं झाड कोणतं? हरळी. गणपतीला वाहतो त्याच दुर्वा. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिला मारायला बघतोय, ती मेलेली नाही. मग ती लॉनमध्येच का मरावी? कारण कार्पेट लॉन येतं ते इंचभर लाल मातीच्या लादीवर. ती लादी काळ्या मातीवर नुसती ठेवतात, खाली नांगरट नाही, खत नाही. मुळं त्या इंचभरातच फिरत राहतात. त्यात रोज संध्याकाळी पाइप धरून वरवर शिंपण. मुळाला खाली जायचं कारणच उरत नाही. मग एक आठवडा पाणी चुकलं की सगळं संपलं.

माझ्याकडे साधी देशी हरळी आहे. ओढ्याच्या कडेची आणून फूटभर खणलेल्या मातीत लावली. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी. मेमध्ये पिवळी पडते, पडू दे. मुलं वर्षभर खेळतात. कापायचं म्हणाल तर पावसाळ्यात महिन्यातून दोनदा, बाकी नाही.

अनुजा_जुळे

@विजापूररोडकर, पण मग ती वाफ्यांत घुसते ना? माझ्या मोगऱ्याखालून हरळी उपटता उपटता हात गेले.

विजापूररोडकर

घुसते. ते खोटं बोलणार नाही. वाफ्याच्या कडेला शहाबादीची पट्टी नऊ इंच खोल उभी गाडा. तरीही एखादी वरून उडी मारतेच.

नीलिमा_काकू

मी चिनी गुलाबाचा अनुभव सांगते. काहीजण त्याला ऑफिस टाइम म्हणतात, कारण सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला फुलतं आणि दुपार कलली की मिटतं. फेब्रुवारी ते जून याच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही. गुलाबी, केशरी, पिवळा, पांढरा, सगळं मिसळून लावलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. पान मांसल असल्याने पाणी दोन-तीन दिवस नाही मिळालं तरी चेहरा पडत नाही.

पण दोन गोष्टी. सप्टेंबरात आपल्याकडे सलग पाऊस लागतो, तेव्हा काळ्या मातीत पाणी साचून बुडापासून कुजतं. निम्मं तरी जातंच. मी दरवर्षी ऑगस्टमध्येच थोड्या काड्या कुंडीत काढून ठेवते आणि दिवाळीनंतर परत लावते. काडी मोडून मातीत खोचली की झालं. दुसरं म्हणजे पाय पडला की कचकन मोडतं. मुलांच्या वाटेत अजिबात नको. कडेला, जिथे माती उंचवट्यावर आहे आणि पाणी निचरतं, तिथे लावा.

आणि त्याच्याच जातीची घोळ तर न लावता येते. ती उपटून फेकू नका गं, डाळ घालून भाजी करा.

कडकभाकरी

काकू, भाकरी आमच्याकडून.

होटगी_नाका

आता कुणीतरी येऊन वेडेलिया सुचवेल, त्याच्या आधीच सांगतो: नको. पिवळी फुलं, चकचकीत पान, नर्सरीत सगळ्यात आधी तेच दाखवतात, कारण त्यांच्याकडे ते फुकट वाढतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. पाणी मिळालं की शेजाऱ्याच्या गटारीपर्यंत जातं आणि नाही मिळालं की आपल्या उन्हात पानं खाली टाकतं. म्हणजे पाणी वाचवायला लावायचं तर बिनकामाचं, आणि पाणी असेल तर डोक्याला ताप.

स्मिता_रेल्वेलाइन्स

@होटगी_नाका, इतकंही वाईट नाही हो. आमच्याकडे आंब्याखाली आहे, चारी बाजूंनी फरशी. वॉशिंग मशीनचं पाणी तिकडेच सोडलंय. बाकी काही जगत नव्हतं तिथे, हे जगलं. घनदाट सावलीत दुसरं काय सुचवता?

होटगी_नाका

चारी बाजूंनी फरशी असेल तर कैदेत आहे, मग ठीक. सावलीत मी जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया लावतो, ती सेटक्रेसिया म्हणूनही मिळते. कमी पाणी, तुकडा टाकला तरी लागतो. सावलीत जांभळा रंग थोडा हिरवट होतो, एवढंच. कडुनिंबाखाली ऊन चाळून येतं, तिथे रंगही छान राहील. रिओसुद्धा चालेल. फक्त तिचा चीक काहींच्या हाताला खाजतो, तेव्हा मुलांपासून जरा लांब.

माळरान

स्मिता, मशीनच्या पाण्याबद्दल एक सूचना. साबणाच्या पावडरीत सोडियम असतो. काळ्या मातीत तो साचत गेला की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि वर सिमेंटसारखा कडक थर बसतो. पाणी मुरत नाही, वर डबकं आणि खाली कोरडं. दुसऱ्या-तिसऱ्या खळबळीचं पाणी चालेल, पहिलं नको. अधूनमधून नळाचं किंवा पावसाचं गोडं पाणी भरपूर जाऊ द्या. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर जिप्सम पसरून मातीत मिसळलंत तर आणखी बरं.

अनुजाच्या बोअरलाही हेच लागू. आणि आरओचं टाकाऊ पाणी तर आणखी क्षारांचं, कारण गाळून राहिलेले सगळे क्षार त्यातच. झाडाला घालताना लोकांना वाटतं पुण्य करतोय.

शुभम_एमएच१३

कृत्रिम गवत टाका ना, विषय संपला. पाणी नाही, कापणं नाही, कायम हिरवं.

विजापूररोडकर

शुभम, मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच्यावर अनवाणी उभं राहून एक फोटो टाका. मग बोलू.

शुभम_एमएच१३

😂 आमच्या टर्फवर मॅच रात्री असते ओ.

माळरान

रात्रीच्या टर्फला ते ठीकच आहे. घरासमोर नको, कारण ते प्लास्टिक आहे, डांबरी रस्त्याइतकं किंवा त्याहूनही जास्त तापतं. जिवंत पानातून पाणी वाफ होऊन जातं म्हणून पान थंड राहतं. प्लास्टिकला ती सोय नाही. पेव्हर ब्लॉकने हॉल तापतो म्हणून धागा काढलाय, त्याला हा उपाय कसा होईल?

जुने_सोलापूरकर

सगळ्यांचं वाचलं. एक सांगू का? आमच्या वेळी घरापुढे अंगण असायचं. चोपलेली माती, रोज सकाळी शेणाचा सडा, त्यावर रांगोळी. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत तर काय विचारता. संध्याकाळी पाणी मारलं की रात्री बाजा टाकून तिथेच झोपायचं. कुणाला हिरवळीची आठवण झाली नाही. हिरवळ साहेबाच्या बंगल्याला. ती आपल्याला कशाला हवी, हे आधी विचारा.

अनुजा_जुळे

काका, पटतं, पण शेण रोज कुठून आणू? आणि इथली माती चोपली तरी पहिल्या पावसात घोट्यापर्यंत चिखल आणि एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. अंगणाला पांढरी माती, मुरूम असायचा ना?

जुने_सोलापूरकर

बरोबर पकडलंत. मुरूम टाकून चोपायचे, त्यावर पांढरी माती. नुसत्या काळ्यावर अंगण होत नाही.

कोरडवाहू

मंगळवेढ्याकडचा हाय मी, घरची ज्वारी. भेगांचं बोलणं निघालं म्हणून लिवतो.

काळी माती भिजली की फुगती, वाळली की आकसती. ती तिचा स्वभाव सोडणार न्हाई. भेग पडली की वलावा खालून वर निघून जातो आन् बारीक मुळ्या तुटत्यात. आमच्याकडं म्हणत्यात, एक कोळपणी अर्धं पाणी. वरचा दोन इंच थर भुसभुशीत ठेवला की खालचा वलावा टिकतो. तुमाला बागंत कोळपं मारता येणार न्हाई, मग आच्छादन टाका. उसाचं पाचट लई स्वस्त, साखर कारखाने काय कमी हायती का आपल्या जिल्ह्यात. शेंगाची टरफलं बी चालत्यात. झाडं पसरस्तवर मधल्या मोकळ्या जागंत ही टाकायची. एकदा झाडानं जमीन झाकली की तेच आच्छादन.

आन् लावायचा टाइम. आत्ता मे महिन्यात काय बी लावू नका. मिरगाच्या पावसावर बी भरोसा ठेवू नका, आपल्याकडं जूनला भुरभुर होती आन् मग जुलैत म्हैना म्हैना ओढ. आपला खरा पाऊस सप्टेंबरात. तवा जुलैच्या शेवटाला, वाफसा बघून लावा, ओढ पडली तर पंधरा दिवस हातानं पाणी द्या, फुडं हस्ताच्या पावसानं मुळं खाली जात्यात. ती मुळं खाली गेली तरच फुडचा उन्हाळा निघतो.

लाल मातीचा ट्रक कुणी इकायला आला तर घिऊ नका. काळ्यावर लाल पसरली की दोन्ही मातींचं जमत न्हाई. पाणी मधल्या सांध्यावरच थांबतं.

विजापूररोडकर

कोरडवाहू यांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्यासारखा आहे. मी लादीबद्दल लिहिलं ते याच कारणाने.

मीरा_बाळे

कुणी पिंटो शेंगदाणा लावलाय का? बारमाही भुईमूग म्हणतात तो. पिवळी नाजूक फुलं, चार पानांची जोडी. बंगळुरूला दुभाजकांत बघितला, इतका सुंदर दिसतो. शेंगवर्गीय असल्याने नत्रही स्वतःचं स्वतः करतो म्हणे.

कडकभाकरी

मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं शेंगा लावा. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

माळरान

कडकभाकरी, तुमची चटणी होणार नाही त्याची. शेंग धरलीच तर नावापुरती.

मीरा, बंगळुरूची माती लाल, आम्लधर्मी, पाऊस जास्त, हवा थंड. पिंटोला तेच आवडतं. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, मग कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. साध्या भुईमुगावरही शेतकरी हे बघतातच. हिराकसाची (फेरस सल्फेटची) हलकी फवारणी केली की तात्पुरतं हिरवं होतं, पण बागभर किती दिवस फवारणार? अर्ध्या सावलीत, भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यात, रोज पाणी द्यायची तयारी असेल तर लावा. हौस म्हणून छान, लॉनला पर्याय म्हणून इथे नाही.

मीरा_बाळे

अच्छा! एका नर्सरीतून वीस पिशव्या आणल्या होत्या, सगळ्या पिवळ्या पडल्या. तिथे म्हणाले पाणी जास्त झालं. कमी केलं तर वाळल्या.

सुनंदा_कुमठे

सगळं वाचतेय. आमच्या ह्यांचं एकच म्हणणं, दाट वेल लावली की साप येणार. त्यामुळे आमच्याकडे कोबा. याला काय उत्तर द्यायचं?

वारूळ

साप पकडायला जाणं हा माझा छंद आहे, म्हणून मी उत्तर देतो.

साप वेल बघून येत नाही. उंदीर, बेडूक आणि लपायची जागा बघून येतो. मला बोलावणं येतं तेव्हा साप बहुतेक कुठे सापडतो? विटांच्या ढिगात, जुन्या लाकडांखाली, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात, गाडी न हलवलेल्या शेडमध्ये. दोन-तीन इंच उंचीच्या वेलीत मोठा साप लपू शकत नाही, दिसतो. पण फूट-दीड फूट वाढलेली वेडेलिया, गच्च झालेलं अॅस्परॅगस, भिंतीला टेकलेली झुडपं, तिथे घोणस खुशाल पडून राहील आणि पाचोळ्यात दिसणारही नाही. कोरडवाहू यांनी पाचट सांगितलंय ते शेतात ठीक. घरासमोर अनवाणी चालणारे असतील तर पातळ, इंचभरच थर ठेवा आणि भिंतीलगत नको.

घराच्या भिंतीपासून दीड-दोन फूट फरशी किंवा मुरमाची मोकळी पट्टी सोडा. दाराला खाली फट नको. आणि अनुजा, सासूबाई पहाटे जातात ना, तुळशीच्या वाटेवर दिवा हवा. झाडापेक्षा तो महत्त्वाचा. कोब्यावरसुद्धा मण्यार रात्री फिरते, सुनंदाताई, ह्यांना सांगा.

सुनंदा_कुमठे

हे त्यांना वाचून दाखवलं. आता कोब्यावरही जायचं नाही म्हणतात.

चादरवाला

म्हणून म्हणतो, पलंगावर चादर टाकून त्यावरच बसा.

प्रा_वनस्पती

उशिरा आलो. जलपिंपळीवर चर्चा चाललीय म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक, ती आपल्याकडची आहे, मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावर भरपूर येतात. पण तिची दक्षिण अमेरिकेतली जवळची बहीण, फायला कॅनेसेन्स (तिलाही लिप्पियाच म्हणतात), ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नदीच्या खोऱ्यात पूरमैदानांवर पसरली आणि तिथे चाऱ्याचं गवत मागे हटलं. म्हणजे पूर आणि कोरड आलटून पालटून सोसत ही वेल किती पसरू शकते, याचा त्यावरून अंदाज येतो. बागेत उत्तम. शेताच्या बांधाला किंवा कालव्याकडेला मुद्दाम नेऊन लावू नका.

दोन, मधमाश्या येतात म्हणजे फुलांच्या दिवसांत अनवाणी मुलांना डंख बसू शकतो. मुलांच्या तुकड्यात ती नको, किंवा फुलं आली की गवत कापायचं मशीन उंच ठेवून एकदा फिरवा.

नर्सरीत न मिळणारी दोन नावं सांगतो. रानमेथी: तीन पानांची, बारीक, जमिनीला चिकटून, जुन्या शाळांच्या मैदानात गवतात मिसळलेली दिसते. तुडवणं आणि कापणं, दोन्ही सोसते. शेंगवर्गीयच आहे, पिंटोचं काम थोडंफार ही करते आणि आपल्या मातीत रुसत नाही. दुसरी विष्णुक्रांता: निळं इवलं फूल, माळावर मुरमातसुद्धा उगवते. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडच्या माळरानावर पावसाळ्याच्या शेवटी खाली बघत चाललात तर यातलं बरंच दिसेल. मात्र अभयारण्यातून काही उपटून आणू नका, तिथे ते चालत नाही. रस्त्याकडेच्या पडीक जागेत मिळतं.

आणताना सराट्याचं रोप ओळखून बाजूला काढा. चिंचेसारखी जोडपानं, पिवळं फूल, सरपटणारं. सुरुवातीला निरागस दिसतं. काटा धरला की सासूबाईंचे पाय आणि मुलांच्या सायकलीचे टायर दोन्ही गेले.

नीलिमा_काकू

सराटे! आमच्या गल्लीत पंक्चरवाल्याचा धंदा त्याच्यावरच चालायचा.

अनुजा_जुळे | १६ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही येईल वाटलं नव्हतं. आता असं ठरवतेय, चुकत असेल तर सांगा.

फाटकापासून तुळशीपर्यंत शहाबादी फरशीची वाट. भिंतीलगत दोन फूट मुरूम. कडुनिंबाखाली जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया. मुलांसाठी साधारण दीडशे फूट देशी हरळी, त्यात जमली तर रानमेथी. उरलेल्या भागात जलपिंपळी, आणि कडेच्या उंचवट्यावर काकूंचा चिनी गुलाब. सासरे शहाबादीवर खूश आहेत, निदान काहीतरी 'पक्कं' होतंय म्हणून.

प्रश्न: मेलेल्या लॉनमध्ये लव्हाळा भरपूर आहे. त्याचं काय? आणि जलपिंपळी किती लागेल?

माळरान

आराखडा चांगला आहे. फरशा सलग सिमेंटमध्ये बसवू नका. वाळूवर बसवून मधे दोन-तीन बोटं फट ठेवा, पाणी मुरेल आणि फटीत जलपिंपळी आपोआप शिरेल. हरळी आणि जलपिंपळीच्या मधे मात्र उभी पट्टी गाडाच, नाहीतर वर्षभरात कोण कुठे होतं ते ओळखू येणार नाही.

समजा जलपिंपळीला दोनशे फूट उरले. वीतभर अंतराने लावायची तर एका चौरस मीटरला वीस-पंचवीस तुकडे, म्हणजे सगळे मिळून चार-साडेचारशे. तेवढ्या पिशव्या विकत घेऊ नका. दहा-बारा आणा, आत्ता कुंड्यांत सावलीला वाढवा, जुलैपर्यंत त्यांचेच तुकडे होतील. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं हवीत, एक पेर मातीत.

लव्हाळ्याचं दुखणं मोठं. आत्ता मे महिना आहे, हातात ऊन आहे, ते वापरा. जुनं लॉन लादीसकट काढा, जमीन खणून भिजवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करा. काळं नको, पारदर्शकच. चार ते सहा आठवड्यांत तणांचं बी आणि बरेच रोगजंतू भाजून निघतात.

कोरडवाहू

लव्हाळा त्यानं मरत न्हाई. त्याची गाठ वीतभर खाली असती. खणतानाच गाठी येचा, आन् पुन्हा उगवला की पुन्हा येचा. पान चार-पाच झालं की काढायचाच, नवी गाठ धरायच्या आत.

माळरान

मान्य. लव्हाळ्यावर प्लास्टिकचा तेवढा परिणाम नाही, बाकी तणांवर आहे. पहिलं वर्ष खुरपं हातात ठेवावंच लागेल. 'देखभाल लागत नाही' हे दुसऱ्या वर्षापासूनचं वाक्य आहे.

स्मिता_रेल्वेलाइन्स

अनुजा, सगळं एकदम करू नकोस असं मला वाटतं. आधी जलपिंपळीचा एखादा चौरस करून बघ. तुझ्या बोअरच्या पाण्यावर ती कशी वागते ते कळेल.

विजापूररोडकर

+१. आणि हरळी हवी असेल तर माझ्याकडे पोतंभर आहे. विजापूर रोडला या, फावडं घेऊन या.

प्रा_वनस्पती

जलपिंपळी माझ्या घराच्या नळाखाली आहे. कुंडीभर देईन, व्यक्तिगत निरोप करा.

मीरा_बाळे

मलाही हवीय! पिंटोची रिकामी जागा पडलीय.

सुनंदा_कुमठे

मलापण, पण ह्यांना सांगू नका.

विजापूररोडकर

हरळीला कुणी हात वर केला नाही अजून. फुकट आहे म्हणून किंमत नाही. सोबत लव्हाळ्याची गाठ आली तर परत घेतली जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.